आडे सर आणि ओढ्याचा रंग

आडे सरांना सगळ्यांनी विसरून जावं अशी आमच्या कॉलेजातल्या चार माणसांची मनापासून इच्छा आहे. म्हणून तर हे लिहायला बसले आहे. त्या चौघांपैकी एक निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडे राहतात, एकांनी हल्ली अध्यात्म धरलं आहे, एक अजून दर पंधरा ऑगस्टला कॉलेजात झेंडा फडकवतात. चौथी मी.

प्रेमसिंग आडे हिंगोलीला आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. मी मराठी शिकवायचे. ते आले ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला, तेव्हा आपला जिल्हा अजून परभणीच होता. बुटके, काळेसावळे, अंगात कायम पांढरा अर्ध्या बाहीचा शर्ट आणि त्या शर्टावर कायम कसले तरी डाग. रोज ॲसिडाशी आणि रंगाशी खेळणाऱ्या माणसानं पांढरा का घालावा, असं मी विचारलं तर म्हणाले, डाग पडला तर दिसला पाहिजे म्हणून. हातात घड्याळ नसायचं. तास किती वाजता आहे हे बघायला ते व्हरांड्यात येऊन खांबाची सावली बघायचे. आकाशात ढग आला की त्यांचं तोंड वाकडं व्हायचं. आमच्या भागात ढग दिसल्यावर कपाळाला आठ्या घालणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

त्यांचा राग ही मोठी पाहण्यासारखी गोष्ट होती. स्टाफरूममध्ये आमची भांडणं व्हायची, आठ दिवस अबोला चालायचा, दिवाळीच्या फराळाचा डबा उघडला की सगळं विसरलं जायचं. सरांचं तसं नव्हतं. त्यांचा राग लोणच्यासारखा मुरायचा. एकदा भौतिकशास्त्राच्या सरांनी चहा पिता पिता विनोद केला, की तांड्यावरच्या माणसाला केमिस्ट्री शिकावी लागत नाही, दारूच्या भट्ट्या लावून लावून ती रक्तातच उतरलेली असते. सगळे हसले. मीही हसले. आता आठवत नाही असं म्हणायची सोय आहे, पण मला चांगलं आठवतं. आडे सरसुद्धा हसले, आणि तास घ्यायला निघून गेले.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. भौतिकशास्त्राच्या सरांनी नवं घर बांधलं, विहीर घेतली, आणि पाण्याला कसला तरी वास येतो म्हणून बाटली भरून आडे सरांकडे आणून दिली. आडे सरांनी चार दिवस जीव लावून ते पाणी तपासलं. मग मधल्या सुट्टीत, सगळे जमलेले असताना, उभं राहून तीन पानांचा अहवाल खणखणीत आवाजात वाचून दाखवला. शेवटचं वाक्य असं होतं की सदर विहिरीत सदर घराच्या संडासाचं पाणी उतरत असून सदर कुटुंब गेले आठ महिने ते पीत आहे. अहवालातला शब्द न् शब्द खरा होता. वाचून झाल्यावर त्यांनी तो नीट घडी घालून भौतिकशास्त्राच्या सरांच्या हातात दिला आणि संडास किती फूट लांब पाहिजे तेही प्रेमानं समजावून सांगितलं. मी त्यांना नंतर म्हटलं, सर, सहा वर्षं वाट बघितलीत? तर म्हणाले, "वाट न्हाई बघितली म्याडम. फकस्त इसरलो न्हाई."

त्यांची खरी गोष्ट मला कळली ती गच्चीवर. वार्षिकांकासाठी लेख मागायला मी त्यांना शोधत गेले होते. रसायनशास्त्राच्या गच्चीवर कठड्याला लावून काचेच्या बाटल्यांची रांग मांडलेली होती, कुठल्या बाटलीत लाल, कुठल्या बाटलीत निळं, एका बाटलीत जांभूळ पिळल्यासारखं पाणी. मला वाटलं प्रात्यक्षिकाची तयारी असेल. सर म्हणाले, हे आमच्या तांड्याच्या ओढ्याचं पाणी आहे.

कनेरगाव नाक्याच्या रस्त्याला, आत वळून, सूत रंगवायचा एक कारखाना होता. मालकाचं नाव मी लिहिणार नाही. त्या नावाच्या कोनशिला गावोगाव आहेत, तेवढ्या पुरेत. कारखान्याचं पाणी ओढ्यात सुटायचं आणि दोन कोस खाली सरांचा तांडा होता. ओढा एक दिवस लाल, एक दिवस निळा वाहायचा. तांड्यावरचे लोक जुन्या काळी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर हिंडायचे. मुक्काम कुठं टाकायचा ते बैल ठरवायचा. बैल पाणी प्याला की माणसं पिणार, त्यानं हुंगून तोंड फिरवलं की रात्र झाली तरी तांडा पुढं निघणार. हिंडणं सुटलं, शेती आली, पण ही रीत सुटली नाही. नवी विहीर खोदली तरी पहिली बादली बैलापुढं जायची. ओढ्याला रंग आला तेव्हा बैलांनी तोंड फिरवलं आणि तांड्यानं ओढा सोडला. बाया अर्ध्या कोसावरच्या विहिरीवरून पाणी आणायला लागल्या.

सरांचे वडील आणखी चार जणांना घेऊन मालकाकडे गेले. मालकानं त्यांना फाटकातच उभं ठेवून ऐकून घेतलं. पाणी खराब आहे हे कुणी लेखी दिलंय का, असं विचारलं. या पाच जणांत एकाला सही करता येत होती. मग मालक हसून म्हणाला, "तुमाला होळीचं लई याड हाय म्हनं. मी तर वर्षभर रंग देऊन राहिलो, फुकट."

वडिलांनी घरी येऊन यातलं काही सांगितलं नाही. बरोबरच्या माणसांनी सांगितलं. पुढं ते दोन वर्षं जगले आणि त्या दोन्ही वर्षी होळीच्या फेरात उभे राहिले नाहीत. आमच्याकडच्या तांड्यांवरची होळी ज्यानं पाहिली आहे त्याला यातलं दुःख कळेल.

हे सांगताना सरांचा आवाज जराही चढला नाही. एकेक बाटली उचलून ते सावलीतून उन्हात सरकवत होते.

"तवा मी एमेस्सीला व्हतो," ते म्हणाले. "मनात म्हटलं, लेखी पायजे ना तुला? तुझ्याच हातानं लिहून घेईन, की हे पाणी इखारी हाय. सहीनिशी."

कारखान्याचा मालक तोवर आमच्या संस्थेचा अध्यक्ष झाला होता. सरांना नांदेडला नोकरी मिळत होती. ती सोडून त्यांनी मुद्दाम आमच्या कॉलेजात अर्ज केला. ज्याचा सूड घ्यायचा त्याच्याच हाताखाली राहायला आलेला हा माणूस त्याला रोज वाकून नमस्कार करायचा.

मी विचारलं, मग हे पाणी घेऊन काय करताय? तर म्हणाले, साफ करतोय. मला हसू आलं. सूड घेणाऱ्यानं शत्रूची घाण साफ करावी, हे कुठल्या शास्त्रात बसतं? सर गंभीरपणे म्हणाले की सूड घ्यायचा तर आधी पुरा अभ्यास पाहिजे. पाण्यात काय आहे ते कळलं पाहिजे, ते कशानं जातं ते कळलं पाहिजे, आणि ते घालवणं स्वस्त आहे हे सिद्ध झालं पाहिजे. मग मालकाला, परवडत नव्हतं म्हणून सोडलं, असं म्हणायची पळवाट राहणार नाही.

त्यांचा मसाला मला जेवढा समजला तेवढा सांगते. बॅटरीच्या संपलेल्या सेलला बाहेरून जस्ताचं कवच असतं. रात्री मोटार चालू करायला जाणाऱ्या शेतकऱ्यांच्या घरात असले सेल पायलीनं पडलेले. साखरा, वारंगा फाटा इथून कॉलेजात येणारी पोरं पिशव्या भरभरून आणायची. ते जस्त ॲसिडात विरघळवायचं, त्यात रिठ्याचं पाणी आणि सोडा घालून पांढरा गाळ बसवायचा, तो गाळ फुटक्या कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, तुकड्यांवर फासायचा आणि तुकडे कुंभाराच्या भट्टीत भाजायचे. असे तुकडे उथळ हौदाच्या तळाशी अंथरून वर चार बोटं रंगीत पाणी सोडायचं. बाकीचं काम ऊन करतं. ऊन त्या पांढऱ्या लेपावर पडलं की लेप जागा होतो आणि पाण्यातल्या रंगाचे तुकडे तुकडे करतो. लेप तसाच राहतो, पुन्हा वापरता येतो. परदेशात यासाठी म्हणे महागडी पूड वापरतात. सरांचा सगळा खर्च कुंभाराच्या चहाचा. आणि आमच्याकडे ऊन तर एवढं आहे की ते कुणी मोजून मागितलं तर आम्ही पोत्यानं देऊ.

सकाळी लाल असलेलं पाणी संध्याकाळी काचेसारखं झालेलं मी त्या गच्चीवर माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी टाळ्या वाजवल्या. सर वैतागले. त्यांनी मला तीन वाट्या दाखवल्या. पहिलीत एक दिवस ऊन खाल्लेल्या पाण्यात भिजवलेले मूग होते, दुसरीत दोन दिवसांच्या, तिसरीत तीन दिवसांच्या. तिन्ही पाणी सारखीच स्वच्छ दिसत होती. पण मोड फक्त तिसऱ्या वाटीत आले होते. पहिल्या वाटीतले मूग फुगून, कुजून पडले होते.

"रंग आधी जातो, इख मागून जातं," सर म्हणाले. "रंग चुगली करून राहिला म्हणून आपल्याला कळतं. तो गेला अन् इख राहिलं, तर सांगणारं कोणी न्हाई."

हे वाक्य मी वार्षिकांकात चौकटीत छापलं होतं. अध्यक्षांनी वार्षिकांक उघडून कधी फोटोपलीकडे पाहिलं नाही, हे मला ठाऊक आहे.

हिंगोली वेगळा जिल्हा झाला त्यानंतर वर्षभरात कॉलेजात मोठं विज्ञान प्रदर्शन भरलं. उद्‌घाटनाला अध्यक्ष. सरांनी पटांगणात सिमेंटचा हौद मांडला, तीन दिवस आधीपासून पाणी उन्हाला लावलं, शेजारी मूळच्या लाल पाण्याची बाटली ठेवली आणि टेबलावर अभिप्रायाची कोरी वही उघडून ठेवली. मला त्यांनी कानात सांगितलं होतं की आज लिहून घेतो. शंभर माणसांसमोर दोन पाणी दाखवणार, दोन्ही कुठली ते सांगणार, आणि वही पुढं करणार. पाणी आधी खराब होतं आणि आता सुधारलं, एवढं तरी त्या माणसाला लिहावंच लागेल.

अध्यक्ष आले. त्यांनी लाल बाटली पाहिली, हौद पाहिला. सरांनी पाणी कुठलं ते सगळ्यांसमोर सांगितलं. अध्यक्षांनी क्षणभर सरांकडे बघितलं आणि त्यांच्या खांद्यावर हात टाकला. माइक मागवून घेतला. आमच्याच संस्थेच्या प्राध्यापकानं लावलेला हा शोध मी माझ्याच कारखान्यात पहिल्यांदा बसवणार, असं जाहीर केलं. टाळ्यांचा पाऊस पडला. फोटो निघाले. मग वहीत त्यांनी लिहिलं, "छान उपक्रम. शुभेच्छा." खाली लफ्फेदार सही.

सर त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती वही हातात घेऊन बसले होते. मला त्या माणसाचा मनस्वी संताप आला होता. सर म्हणाले, जाऊ द्या, ओढा तर साफ होईल. मला वाटतं आयुष्यात त्यांनी एकदाच कुणाला माफ करायचं मनात आणलं, आणि ती त्यांची एकुलती एक चूक ठरली.

कारखान्याला तीन दिवसांचं पाणी साठवायला तीन ओळी हौद लागतील असा आराखडा सरांनी दिला होता. बांधली एक ओळ. दुपारपर्यंत रंग जातो, मग पाणी पुढं कशाला अडवायचं, असं कारखान्याच्या इंजिनिअरनं ठरवलं. तपासायला येणारे लोक काठावर उभं राहून पाण्यात बघत. त्यांना तळ दिसायचा, ते खूश होऊन जायचे. सरांनी लेखी हरकत घेतली, तिचं उत्तर आलं नाही. फाटकावरच्या राखणदारानं त्यांना आत सोडणं बंद केलं. उन्हाळ्यात तर त्यांना तीन आठवड्यांच्या उजळणी वर्गाला विद्यापीठात धाडण्यात आलं.

परत आले त्या आठवड्यात तांड्यानं त्यांच्या मानासाठी जेवण ठेवलं. मलाही बोलावणं होतं. नाक्यावर उतरून जीपनं गेले. ओढा खरंच स्वच्छ वाहत होता, तळाची वाळू दिसत होती. बैलांच्या शिंगांना रंग लावला होता. सरांच्या आईनं, त्यांना ते याडी म्हणायचे, जुना आरशांचा घागरा घातला होता. तिनं पितळी तांब्या भरून लेकाच्या हातात दिला. ओढ्याचं पाणी आहे, असं अभिमानानं सांगितलं.

सरांनी तांब्या तोंडाला लावला नाही. कधीपासून पिताय, एवढंच विचारलं.

याडी म्हणाली, "बैल प्याला, मंग आमीबी प्यालो. तीन हप्ते झाले."

बैलाचा तरी काय दोष? इतकी वर्षं त्याला रंगाच्या पाण्याचा वास यायचा. रंग गेला तसा वासही गेला. शेकडो वर्षं ज्यानं तांड्याला वाचवलं त्या जनावरालाही फसवेल असं पाणी आडे सरांनी बनवून दिलं होतं. निघताना मूठभर मूग आणि तांब्यातलं पाणी तेवढं मागून घेतलं. दोन दिवसांनी मी वर्गात शिकवत असताना दारात उभे राहिले, हातात वाटी होती. मूग तसेच पडलेले.

मग ते रोज तांड्यावर जाऊन सांगायला लागले, हे पाणी पिऊ नका. कुणी ऐकेना. एक गाभण गाय गाभडली, दोन शेळ्या मेल्या, ते उन्हानं झालं म्हणाले. पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसत होतं, बैल पीत होते, आणि अर्ध्या कोसाची पायपीट इतक्या वर्षांनी सुटली होती. याडीनं त्यांना विचारलं, "तूच साफ केलं, अन् आता तूच न्हाई म्हणतो. काहून?" सरांनी वेगवेगळ्या कचेऱ्यांत तीन अर्ज केले. तिन्हीकडून एकच उत्तर आलं, की पाण्यात डोळ्यांना रंग दिसत नाही.

तेव्हा त्यांनी किरकोळ रजेचा अर्ज लिहिला. रजेचं कारण या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं, "ओढ्यात रंग टाकणे." प्राचार्यांनी न वाचता मंजूर केला. तो अर्ज पुढं चौकशीत पुरावा म्हणून आला तेव्हा प्राचार्यांची झालेली पंचाईत बघण्यासारखी होती.

होळीसाठी तांड्यावर पळसाची फुलं वाळवून ठेवलेली असतात. उरलेली सगळी फुलं सरांनी घरोघरून गोळा केली, दोन पिंपं भरून उकळली, चिमूटभर चुना टाकून रंग गडद केला, आणि भर दुपारी, फाटकावरचा राखणदार बघत असताना, कारखान्याचं पाणी ओढ्याला मिळतं त्याच्या शंभर पावलं खाली ओतली. उन्हाळ्यात ओढा तो केवढा. खाली तांड्यापर्यंत केशरी-लाल झाला. इतकी वर्षं रंग काढण्यात घालवलेल्या माणसानं आपल्या हातानं रंग परत घातला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

तांड्यानं पाणी पिणं बंद केलं. माणसं काठ्या घेऊन आली. याडीनं सगळ्यांसमोर लेकाच्या थोबाडीत मारली आणि त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी अध्यक्षांनी पाणी तपासणाऱ्या कचेरीकडे लेखी तक्रार केली. संस्थेच्या कागदावर, शिक्क्यासकट. आमच्याच कॉलेजातल्या आडे नावाच्या इसमानं प्रयोगशाळेतलं रसायन ओतून कारखान्याची बदनामी चालवली आहे, असं तिच्यात होतं. पुढचं वाक्य मला पाठ आहे. "सदर ओढ्याचे पाणी विषारी झाले असून माणसांच्या व जनावरांच्या जिवास धोका निर्माण झाला आहे, तरी पाण्याचा नमुना त्वरित तपासावा."

कॉलेजात चौकशी समिती बसली. प्राचार्य, भौतिकशास्त्राचे सर आणि मी. सरांनी आरोप नाकारला नाही, बचाव केला नाही. दोनच गोष्टी मागितल्या. मी ओतलं त्याच्या वरचं आणि खालचं, दोन्ही पाणी तपासा. आणि तक्रारीची नक्कल द्या. पहिली मागणी त्यांनी कचेरीलाही लेखी कळवली होती. नक्कल हातात आल्यावर त्यांनी ती दोनदा वाचली. त्यांचा चेहरा तेव्हा असा उजळला की भौतिकशास्त्राचे सर घाबरून माझ्याकडे बघायला लागले.

तपासणीचा निकाल यायला वेळ लागणार होता. थांबावं असं मी म्हणू शकले असते. माझी वरिष्ठ श्रेणीची फाइल त्याच टेबलावर, त्याच पेपरवेटखाली होती. श्री. आडे यांनी टाकलेल्या द्रव्यामुळं ओढ्याचं पाणी पिण्यास अयोग्य झालं, असा अहवाल टाइप होऊन आला आणि मी सही केली. महिनाभरात त्यांना काढून टाकलं. मला श्रेणी मिळाली.

निकाल आला तो त्यानंतर. आडे सरांनी टाकलेला रंग पळसाच्या फुलांचा, त्यात अपायकारक काही नाही. विष होतं ते दोन्ही नमुन्यांत, वरच्यातही आणि खालच्यातही, सारखंच. सरांनी वारंगा फाट्यावर जाऊन झेरॉक्स काढल्या. एकाच कागदावर वर अध्यक्षांचं वाक्य, त्यांच्या सहीशिक्क्यासकट, आणि खाली निकाल. आठवड्याभरात तो कागद नाक्यावरच्या ढाब्यांत, पानटपऱ्यांवर, एसटीच्या पाठीवर, तहसीलच्या भिंतीवर आणि आमच्या स्टाफरूमच्या दारावर चिकटलेला होता. कागदाला वर मोठ्या अक्षरात मथळा होता, "लेखी पाहिजे होते ना?" ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना वाचणारे वाचून दाखवत होते. अध्यक्षांची गाडी दिसली की पोरं ते वाक्य मोठ्यानं म्हणायची. अध्यक्षांनी वरचा मजकूर नाकारावा तर खोटी तक्रार केली असं होत होतं, आणि कबूल करावा तर कारखाना जात होता. मला त्या दिवसांत काय आनंद झाला म्हणून सांगू. पण तो आनंद फुकटचा होता, चौकशीच्या अहवालाखाली माझी सही तशीच होती.

कारखान्याला कुलूप लागलं. अध्यक्षांनी पुढं दुसरीकडे दुसरं काही सुरू केलं. संस्था त्यांचीच राहिली. झेंडाही तेच फडकवतात, हे वर सांगितलं आहेच.

दोन-तीन वर्षांनी, मे महिन्यात, रसायनशास्त्राच्या खोलीची सफाई निघाली. सरांच्या प्रयोगांच्या वह्या रद्दीत चालल्या होत्या. त्या मी बांधून घेतल्या आणि तांड्यावर गेले. ओढा कोरडा ठणठणीत होता. कारखान्याचं पाणी हेच उन्हाळ्यातलं त्याचं पाणी, ते बंद झालं तसा ओढाही आटला. बाया हंड्यांच्या रांगा लावून टँकरची वाट बघत होत्या. त्यांत याडी होती. मला तिनं ओळखलं. सरांचं घर विचारलं तर हातानं दाखवलं आणि म्हणाली, "त्यानं कारखाना बंद केला, वढाबी बंद केला. त्याला इचारा, आता पोट भरलं का." एवढं बोलून तिनं हंडा पुढं सरकवला.

सर तांड्याच्या कडेला एका खोलीत एकटे राहत होते. पांढरा शर्ट तसाच होता. वह्या त्यांनी दोन्ही हातांनी घेतल्या, वरची धूळ झटकली. ओढा आटला याचं वाईट वाटतं का, असं मी विचारलं. ते म्हणाले की विषारी पाण्यापेक्षा कोरडी वाळू बरी, आणि त्यांची आई हे एक दिवस समजेल किंवा समजणार नाही. मग बाजेवर बसायला सांगून त्यांनी आतून पेलाभर पाणी आणलं आणि माझ्यापुढं धरलं.

पाणी अगदी स्वच्छ होतं. तांड्यावर पाणी नव्हतं हे मी आत्ताच बघून आले होते. पेला माझ्या हातात राहिला.

"काहून थांबल्या म्याडम?" ते म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. "तुमी तर न तपासता सही करता."

मी पेला तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला. ते माझ्याकडे बघत उभे होते. पाणी कुठलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यांनी पेला पुन्हा भरला. तोही मी प्यायले.